चेहरा आधी की बोलणं?

वारज्यात राहणाऱ्याला सिनेमा जवळ आहे. कर्वेनगर ओलांडलं की कोथरूडचं सिटी प्राईड, नाहीतर हातात मोबाईल आहेच. पुस्तकासाठी मात्र अप्पा बळवंत चौक गाठायचा आणि आधी गाडी लावायला जागा शोधायची. त्यामुळे आधी पुस्तक की आधी सिनेमा, या वादाचा निकाल आमच्याकडे बहुधा अंतरच लावतं. निवडायला वाव असेल, तर मी एवढंच बघतो की कादंबरी घटनांवर उभी आहे की सांगणाऱ्याच्या बोलण्यावर.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) बोलण्यावर उभी आहे. आणीबाणीच्या काळात नववीत असलेला मुकुंद जोशी घरच्यांना, मास्तरांना, मित्रांना मनातल्या मनात जे ऐकवतो, तीच कादंबरी. घडतं तसं थोडंच. सुजय डहाके यांच्या 2012च्या चित्रपटाने तो काळ आणि ती मुलं छान पकडली, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. पण जोशीची तिरकस बडबड पडद्यावर पातळ झाली आणि वर तरंगून आली ती गोड प्रेमकथा. सिनेमा आधी पाहिला, की पुस्तकभर जोशीला आवडणाऱ्या शिरोडकरच्या जागी पडद्यावरची केतकी माटेगावकरच दिसते. कादंबरीत शिरोडकर जोशीच्या नजरेतून, अर्धीमुर्धीच दिसते. खरी गंमत त्या अर्धवटपणात आहे. 'शाळा' आधी वाचावी, याबद्दल मला शंका नाही.

'सिंहासन'चं उलट आहे. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या, जब्बार पटेलांनी 1979 साली त्या पडद्यावर आणल्या. निळू फुल्यांनी रंगवलेला पत्रकार दिगू टिपणीस डोक्यात ठेवून खुशाल वाचायला बसा. काय गाळलं, जोड कुठे दिला, हे शोधण्यात वेगळीच मजा आहे. मुंबईचा केवढा पसारा सिनेमाबाहेर राहिला, तेही कळतं.

आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्ये गुणा पैलवानाचा नाच्या होतो. कादंबरीला हे शब्दांतून घडवावं लागतं. रवी जाधव यांच्या 2010च्या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी ते अंगानेच दाखवलं. इथे पडदा पुस्तकाच्या पुढे गेला. शेवटाकडे मात्र चित्रपट हळवा होतो. यादव इतके दयाळू नाहीत.

राहिली आपल्या पुण्याच्या कट्ट्यावरची 'दुनियादारी' (1982). ती लिहिणारे सुहास शिरवळकर 2003 साली गेले, संजय जाधव यांचा चित्रपट 2013चा. तो चकचकीत आहे, गाण्यांनी भरलेला आहे, मला फारसा रुचलाही नाही. पण शिरवळकरांचं नावही न ऐकलेली कॉलेजातली मुलं तो पाहून कादंबरी मागू लागली. त्यांना दारातच 'आधी वाचून या' म्हटलं असतं, तर ती सिनेमालाही गेली नसती आणि पुस्तकाकडेही फिरकली नसती.