जयपुरात तारांगण की जंतरमंतर?

राजस्थानच्या सहलीत जयपूरसाठी बहुधा एकच दिवस मिळतो. त्यातले दोन तास खगोलशास्त्राला द्यायचे, तर विद्यार्थ्यांना बिर्ला तारांगणात न्यावे की सवाई जयसिंहाच्या जंतरमंतरवर?

तारांगणाची बाजू लंगडी नाही. भर दुपारी रात्रीचे आकाश दिसते, ढगांची भीती नसते. पण तेथे विद्यार्थी प्रेक्षकच राहतो. जंतरमंतरवर तो निरीक्षक होऊ शकतो. सम्राट यंत्राच्या सुमारे २७ मीटर उंच भिंतीची सावली खालच्या वक्र पट्टीवर सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. पृथ्वीचे फिरणेच आपण पाहत असतो!

मात्र नुसते नेऊन भागत नाही. यंत्र दोन सेकंदांपर्यंत अचूक असल्याचे सांगितले जाते. खुणा तेवढ्या बारीक आहेत खऱ्या. पण सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड पुसट पडते. हे मुलांनी स्वतः पाहावे.

यंत्राची वेळ घड्याळाशी जुळत नाही, तेव्हा ‘यंत्र चुकते’ म्हणून पुढे जाऊ नये. घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते, जयपूर ७५.८ अंशांवर आहे. अंशाला चार मिनिटे, म्हणजे फरक सुमारे २७ मिनिटांचा. तरीही काही मिनिटे उरतात, आणि ती तारखेनुसार बदलतात. का? हा प्रश्न वर्गात परत आणावा.

आकाश निरभ्र असेल तर आमचे मत जंतरमंतरला. आभाळ भरून आले तर तारांगणाला.