मनगटी घड्याळाची मर्यादा

घड्याळाच्या घडणीची चर्चा वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर एवढेंच कीं, जी वस्तु दिवसभर अंगावर वागवावयाची, तिचीहि एक शैली असते. आणि 'स्मार्टवॉच' या नव्या घड्याळाची शैली अद्याप बरीच पाल्हाळिक आहे.

ओझरत्या दृष्टिक्षेपांत उत्तर देणें हा घड्याळाचा पहिला गुण. या कसोटीवर २०१३ सालचें 'पेबल' घासून पाहावें. रूपानें तें बेताचेंच: प्लास्टिकची चौकट, कृष्णधवल पडदा, कडेला चार बटणें. परंतु तो पडदा कधीं विझत नसे, भर उन्हांतहि स्वच्छ दिसे, आणि एकदां चार्ज केलें कीं तें पांचसहा दिवस सहज चाले. उलट २०१५ सालीं 'ॲपल'नें काढलेलें पहिलें घड्याळ मोठें देखणें. पण मनगट उचलल्यावांचून वा बोट लावल्यावांचून त्याची तबकडी काळीच! एका हातांत पुस्तक व दुसऱ्यांत खडू असलेल्या शिक्षकाला जें वेळ सांगत नाहीं, त्यास अलंकार म्हणावें. ही उणीव कंपनीनें २०१९ सालच्या पांचव्या मालिकेंत, सदैव उजळ राहणारा पडदा देऊन, भरून काढली.

मात्र त्या पहिल्या घड्याळांतील एक कल्पना आम्हांस अस्सल वाटते. चावी द्यावयाची जुनी खुंटी कारागिरांनीं ठेवली आणि तिला नवें काम दिलें. ती फिरविली कीं मजकूर वरखालीं सरकतो, व एवढासा पडदा बोटाखालीं झांकला जात नाहीं. त्याच वर्षीं 'सॅमसंग'नें 'गिअर एस-२'च्या तबकडीभोंवतीं फिरतें कडें बसवून हेंच साधलें. आमच्या मतें अधिक चांगलें, कारण कडें न पाहतांहि बोटांना सांपडतें.

नुसतें जुन्याचें रूप घेऊन मात्र भागत नाहीं. कांटे वर्तुळांत फिरतात म्हणून तबकडी वाटोळी झाली. अक्षरें तर ओळींत चालतात. तरी २०१४ सालीं 'मोटोरोला'नें 'मोटो ३६०' वाटोळें केलें. ओळींचीं टोकें अडचणींत आलींच, शिवाय पडद्याचा खालचा तुकडा काळा ठेवावा लागला. हौस पौर्णिमेच्या चंद्राची, हातीं आला चतुर्दशीचा!

सोन्याची कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. 'ॲपल'च्या सोनेरी घड्याळाची किंमत १०,००० डॉलरांपासून पुढें. २०१८ सालीं त्यास नवी प्रणाली मिळणें बंद झालें. नातवाच्या हातीं द्यावयाचें घड्याळ तें नव्हे.

आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. पाहुण्यासमोर घड्याळाकडे पाहणें म्हणजे आपल्याकडे 'आतां उठा' असें सुचविणें. हें घड्याळ मनगटावर थरथरलें कीं धन्याकडून तो उद्धटपणा घडतोच. निरोप बंद करतां येतात, हें खरें. पण तें काम धन्यानें कां करावें? घड्याळ मूळचें मुकें असावें. हवें तेवढें बोलकें धनी करील. या बाबतींत आमचें आवडतें 'पेबल'हि निर्दोष नव्हतें. निरोप मनगटावर आणणें हेंच मुळीं त्याचें मुख्य काम होतें.