महाखंडाचा ताळेबंद आणि वऱ्हाडचें पेव

अँगस मॅडिसन (१९२६–२०१०) या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा ‘द वर्ल्ड इकॉनॉमी : अ मिलेनियल पर्स्पेक्टिव्ह’ हा ग्रंथ २००१ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. आशियाखंडाच्या आर्थिक इतिहासाविषयीं लिहिणारा मनुष्य तेव्हांपासून त्यांतील कोष्टकांचा आधार घेतल्यावांचून सहसा पुढें जात नाहीं. यंदा सुटींत हिवरखेडास असतांना आम्हीं तो पुन्हां वाचला. सातपुड्याच्या पायथ्याशीं, तेल्हारा तालुक्यांतील या काळ्या जमिनीच्या गांवीं जे प्रश्न मनांत उभे राहिले, ते कॉलेजच्या ग्रंथालयांत पूर्वीं कधीं सुचले नव्हते. ते वाचकांपुढें मांडावे, एवढाच या लेखाचा हेतु.

ग्रंथाची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. दोन हजार वर्षांच्या उत्पन्नाचा व लोकसंख्येचा खंडवार ताळेबंद मांडणें हें काम सामान्य नव्हे. १८२० सालीं जगाच्या उत्पन्नांत निम्म्याहून अधिक वांटा आशियाचा होता; १९५० सालीं तो पंचमांशाहूनहि कमी उरला. एकट्या हिंदुस्थानचा वांटा १७०० सालीं शेंकडा सुमारें २४ होता, तो १९५० सालीं शेंकडा ४ वर आला. युरोपची सुबत्ता अनादि आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनीं एवढें एक कोष्टक अवश्य पाहावें.

परंतु दरडोई उत्पन्नाच्या कोष्टकाशीं आलों कीं शंका सुरू होतात. १९९० सालच्या आंतरराष्ट्रीय डॉलरांत मोजलेलें हिंदी माणसाचें उत्पन्न १५०० सालीं ५५०, १६०० सालीं ५५०, आणि १७०० सालींहि ५५०! दोन शतकें जो आंकडा जागचा हलला नाहीं, तो मोजलेला नसून मानलेला आहे, हें सांगावयास गणिती नको. हे अंदाज आहेत असें स्वतः मॅडिसन सांगतात. त्यांना सिद्धांत समजून पुढें नेणाऱ्यांचाच दोष अधिक. आमचा खरा मतभेद पुढच्या काळाविषयीं आहे. १८७० सालचा आंकडा ५३३, तर १९१३ सालचा ६७३. म्हणजे त्रेचाळीस वर्षांत हिंदी माणूस शेंकडा २६ नें सधन झाला.

हीं त्रेचाळीस वर्षें वऱ्हाडानें कशीं काढलीं, तें पाहूं. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडची रुई येईनाशी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि आमच्या पऱ्हाटीवर पडली. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवच्या कापूसबाजारापर्यंतचा लोहमार्ग खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं येऊन खुला केला. गांवोगांव रोकड खेळूं लागली, आणि ती रोकड कोष्टकांत दिसते, हें योग्यच आहे.

जें दिसत नाहीं, तें पेव. जेथें जेथें ज्वारीच्या जागीं कपाशी आली, तेथें माणसाची भाकर आणि बैलाचा कडबा हीं दोन्ही एकदम शेतांतून उठून बाजारांत गेलीं. पेवांत सांठवलेलें धान्य हें कुणब्याचें अवर्षणाच्या वर्षाचें संरक्षण होतें. पण न विकलेल्या ज्वारीला कोष्टकांत मान नाहीं, आणि संरक्षणाला तर किंमतच नाहीं. पुढें १८९९ सालीं पाऊस बुडाला. धान्य आगगाडीनें आणतां येत होतें. तें विकत घेण्यापुरती मजुरी मजुराला मिळत नव्हती. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ सालीं २७ लाख ५४ हजार भरली. भाजक घटला कीं भागाकार वाढतो, हा गणिताचा नियम आहे. पण दुष्काळांत मेलेला मनुष्य मागें राहिलेल्यांची सरासरी वाढवितो, हें दरडोई मापाचें वैगुण्य लक्षांत घ्यावयास नको काय?

ही उणीव भरून काढणारें पुस्तक म्हणजे लक्ष्मण सत्या यांचें ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७). वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचा दुष्काळ या एकाच राज्यव्यवस्थेच्या दोन बाजू होत, असें त्यांचें प्रतिपादन आहे. इंग्रजांपूर्वींच्या वऱ्हाडाचें चित्र ते, आमच्या मतें, अंमळ अधिक उजळ रंगवितात. १८०३ सालचा भीषण दुष्काळ कांहीं मँचेस्टरनें आणला नव्हता. तथापि, आपत्तीच्या वर्षीं माणसाजवळ काय शिल्लक होतें, हा इतिहासानें विचारावयाचा प्रश्न ते विचारतात. मॅडिसन तो विचारीत नाहींत.

ज्या घरांतून मुलें अर्थशास्त्राच्या अभ्यासाकडे वळत आहेत, तेथें हीं दोन्ही पुस्तकें जवळजवळ असावींत. खंड किती खालीं गेलें, तें पहिल्यांत कळेल; गांव कसें गेलें, तें दुसऱ्यांत. आणि ५३३ चे ६७३ झाले असें परीक्षेंत लिहिण्यापूर्वीं मुलांनीं घरांतील वडीलधाऱ्यांस एवढें विचारावें कीं, आपल्या वाड्यांतील पेव कोणत्या सालीं बुजविलें.