वॉटसनची जखम आणि लेडी मॅकबेथचे मूल

शेरलॉक होम्सचे मित्र डॉ. वॉटसन यांना १८८० मधील मैवंदच्या लढाईत गोळी लागली ती खांद्यात की पायात? कॉनन डॉयल यांच्या पहिल्या होम्स-कादंबरीत (१८८७) जखम खांद्याची आहे, दुसरीत (१८९०) पायाची. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये बायबल-चिकित्सेची शिस्त या कथांना लावली ती थट्टेने. पुढे तो रीतसर खेळच झाला: वॉटसन हे खरे चरित्रकार, डॉयल केवळ मध्यस्थ. साहजिकच लेखकाच्या अनवधानाचे खापर पात्राच्या स्मरणशक्तीवर फुटते.

हाच खेळ नियम न सांगता समीक्षेत चालतो तेव्हा अडचण येते. वडिलांच्या मृत्यूसमयी हॅम्लेट कोठे होता, याची ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये स्वतंत्र टिपणात छाननी केली. 'लेडी मॅकबेथला मुले किती?' या शीर्षकाने एल. सी. नाईट्स यांनी १९३३ मध्ये या पद्धतीची रेवडी उडवली. पण नेम जरा चुकलाच. मॅकबेथला मुले होती की नव्हती हे गौण आहे, असे ब्रॅडली यांनीच नोंदवले होते. शिवाय आपण मुलाला पाजल्याचे लेडी मॅकबेथ स्वतः सांगते; प्रश्न नाटकानेच पेरलेला आहे, आणि नाटकानेच अनुत्तरित ठेवला आहे.

इतिहाससंशोधकापुढची रिकामी जागा निराळी. मैवंदच्या लढाईविषयी उद्या एखादा नवा कागद सापडू शकतो. वॉटसनच्या जखमेविषयी नाही. लेडी मॅकबेथच्या मुलाचे दफ्तर कोठेच नाही. ते मूल कल्पनेने मारून, त्या शोकातून तिची महत्त्वाकांक्षा 'सिद्ध' करणारा अभ्यासक (असे प्रबंध आपणच संमत करतो) एका कारणाच्या लोभाने ते भाषणच गमावतो, ज्यात पाजल्याची आठवण आणि त्याच तान्ह्याला आपटण्याची भाषा ती एका दमात उच्चारते.