'दिवास्वप्न'मधले वर्ष आणि बीडचे चार महिने

गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'वर मराठी शिक्षकांनी मनापासून प्रेम केले. मूळ गुजराती पुस्तकाला आता नव्वद वर्षे उलटली आहेत. उपक्रमशील शिक्षकांची अनुभवकथने आपल्याकडे गेल्या काही दशकांत पुष्कळ आली. कंटाळलेला वर्ग, त्यात आलेला धडपड्या गुरुजी, सुरुवातीची फजिती, मग गोष्टी, खेळ, वाचनालय आणि वर्षअखेरीस फुललेली मुले, हा त्यांचा साचा याच पुस्तकाशी नाते सांगतो. मी शिक्षक नाही, शिक्षणशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. वाचत आणि शाळा पाहत आलो, एवढेच. पण हे पुस्तक बीड जिल्ह्यात बसून वाचले की त्याचा एक पाया हलताना दिसतो.

पुस्तकातला नायक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी एक वर्ग मागतो. त्याला चौथीचा वर्ग मिळतो, वर्षाची मुदत मिळते. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ फसतो आणि त्याला मुलांना सुट्टी द्यावी लागते. हा प्रसंग आजही हसवतो आणि पटतो. पुढे तो गोष्टीची गोडी लावतो, पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे वाचनालय उभे करतो, व्याकरण खेळातून शिकवतो. सहकारी शिक्षक, पालक, अधिकारी यांच्याशी त्याची झुंज चालते. पण एक झुंज त्याला कधीच द्यावी लागत नाही. पहिल्या सत्रातली मुले दुसऱ्या सत्रात त्याच्यासमोर बसलेली असतात. कादंबरीची सगळी बांधणी या गृहीतावर उभी आहे. वर्षभर साचत गेलेल्या ओढीचे फळ शेवटी दिसते, कारण साचायला वर्ष मिळते.

शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या अनेक गावांत हे वर्ष नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मागे सांभाळणारे कुणी नसेल तर मुलेही जातात. हंगाम आटोपून परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. शाळा जूनच्या मध्यात भरते, म्हणजे हाती लागतात चार महिने. दुसरे सत्र फडावर जाते. परिणाम साधा आहे, पण नीट बोलला जात नाही: असे मूल दरवर्षी प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भागच शिकते. पाचवीत पोचते तेव्हा त्याच्या मागे चार अर्धी पुस्तके असतात. पाचवीतल्या गुरुजींना ते 'कच्चे' वाटते. ते कच्चे नसते, त्याच्या शिक्षणाला ठरावीक जागी भोके पडलेली असतात.

शासनाची मोजणी या भोकांवरून अलगद निघून जाते. शिक्षकांची संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. टोळ्या निघायच्या आधीची ही तारीख. कागदावर वर्ग भरलेला राहतो, आणि गुरुजींनाही तो तसाच दिसावा असे वाटते, कारण पट घटला तर पद जाते. त्यांना दोष देणे मला सोपे वाटत नाही.

गिजुभाईंना याचे उत्तर विचारणे अन्यायाचे होईल. उत्तराची वाट त्यांच्याच सहकारी ताराबाई मोडक यांनी काढली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन होताना त्या भावनगरला गिजुभाईंबरोबर होत्या. पुढे बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह काम करताना मूल शाळेत येत नाही, हा अनुभव त्यांनी पुरेपूर घेतला. मग शाळा मुलाच्या अंगणात गेली, तिची अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली, तिची कुरणशाळा झाली. 'दिवास्वप्न'ने वर्गाच्या भिंतींच्या आत क्रांती केली. ताराबाईंनी भिंत आणि घड्याळ दोन्ही बाजूला ठेवले. माझ्या मते कुरणशाळा ही 'दिवास्वप्न'ची सर्वांत धारदार समीक्षा आहे, आणि ती कागदावर नव्हे तर कामातून झाली. मराठी शिक्षणलेखनाने मात्र अनुकरण पहिल्याचे केले, दुसरीला वंदन करून ठेवले.

साखरशाळा कुरणशाळेची नात म्हणता आली असती. पण फडावर चार गावांची, चार इयत्तांची मुले एकत्र येतात, एका शिवारातला ऊस संपला की कोप्या हलतात, आणि तिथे गावच्याच वर्गाची नक्कल करू गेले की काही टिकत नाही. हंगामी वसतिगृहांनी मुले गावात थांबतात, जेवण मिळते, रात्री ती आजीजवळ निजतात. हे मोठेच काम आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण देऊ केले. पण विशेष प्रशिक्षण म्हणजे नेमके कोणते पान, हे गुरुजींनीच ठरवायचे असते.

तो कायदा अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करा म्हणतो, पण पुस्तक पहिल्या पानापासूनच सुरू करा असे कुठे म्हणत नाही. गणितात पुढचे मागच्यावाचून कळत नाही, हे खरे. तरी मापन, भूमिती, परिसर अभ्यास आणि भाषेचे बरेच पाठ उलट्या क्रमाने घेता येतात. ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्या मुलांची नावे गावातल्या गुरुजींना जूनमध्येच ठाऊक असतात. त्या मुलांपुरता दुसऱ्या सत्राचा भाग पावसाळ्यातच शिकवून पाहायला हरकत कुणाची आहे?