'बायझँटाइन' की 'रोमन'? स्ट्रॅटेजी गेममधील एका साम्राज्याच्या नावाचा वाद

कॉन्स्टँटिनोपल ही ज्याची राजधानी होती त्या साम्राज्याला स्ट्रॅटेजी गेममध्ये काय म्हणावे, यावर खेळणारे वर्षानुवर्षे तावातावाने भांडत आले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की 'बायझँटाइन' हे नाव त्या लोकांनी आपल्या राज्यासाठी कधी वापरलेच नाही. ते खेळातून काढून टाकावे. दुसरी बाजू म्हणते, इतिहासाची पुस्तके हेच नाव वापरतात, नकाशावर ते चटकन ओळखू येते, मग बदलायचे कशाला? बाहेरून पाहणाऱ्याला हे पाटीवरून चाललेले भांडण वाटेल. पण गेममध्ये नावाला नियम चिकटलेले असतात. राज्याचे नाव बदलले की त्याची उद्दिष्टे, शत्रू आणि विजयाची व्याख्याही बदलते. म्हणून नाव बरोबर की चूक, हे केवळ शब्दकोशात पाहून ठरणार नाही. ते नाव खेळणाऱ्याकडून काय करवून घेते, हेही तपासावे लागते.

नाव आले कोठून?

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून तुम्हाला मूळ गोष्ट ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगतो. बायझँटियन हे ग्रीकांनी वसवलेले जुने शहर. त्याच जागी सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३३० मध्ये नव्या राजधानीचे उद्घाटन केले. पश्चिमेकडील शेवटचा सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला. पूर्वेकडील राज्य मात्र चालू राहिले. तेथील लोक स्वतःला 'रोमेओई' म्हणजे रोमन म्हणत आणि आपल्या देशाला 'रोमानिया'. ते ग्रीक बोलत, हे खरे. पण साम्राज्यातील बहुतेक सर्व स्वतंत्र रहिवाशांना २१२ मध्येच रोमन नागरिकत्व मिळाले होते, आणि त्यांतले पूर्वेकडील बरेचसे तेव्हाही ग्रीकच बोलत होते. 'बायझँटाइन' हा शब्द त्या काळात फार तर राजधानीत राहणाऱ्या माणसासाठी वापरला जाई. संपूर्ण साम्राज्याच्या इतिहासाला हे नाव देण्याची प्रथा हिएरोनिमुस वोल्फ या जर्मन विद्वानाच्या १५५७ च्या ग्रंथापासून सुरू झाली असे सांगतात. साम्राज्य संपून तेव्हा शंभर वर्षे उलटली होती.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. पश्चिम युरोपने या लोकांचे रोमनपण नाकारले ते वोल्फच्या कितीतरी आधी. ९६८ मध्ये क्रेमोनाचा बिशप लिउतप्रांद हा जर्मन सम्राट पहिला ऑटो याचा वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेला होता. तो तेथे असतानाच पोपचे दूत पत्र घेऊन आले. त्या पत्रात ऑटोला 'रोमनांचा सम्राट' आणि निकेफोरस फोकासला 'ग्रीकांचा सम्राट' म्हटले होते. दूतांची रवानगी तुरुंगात झाली. म्हणजे आज खेळणारे जो वाद घालतात तो त्या काळच्या राजकारणाचाच भाग होता. 'ग्रीक' म्हणणे हा अपमान होता आणि तो हेतुपुरस्सर होता.

गेम काय करतात?

आता उदाहरणे पाहू. 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गेम १९९९ चा. त्यात 'बायझँटाइन्स' ही एक संस्कृती आहे. मूळ आवृत्तीत तिचे सैनिक आणि गावकरी चक्क लॅटिनमध्ये बोलतात. नाव रोमन नाही, भाषा मात्र रोमची! ऐन मध्ययुगात त्या रस्त्यांवर ऐकू आली असती ती ग्रीक. २०२३ मध्ये याच गेममध्ये 'रोमन्स' ही वेगळी संस्कृती आली. त्यामुळे आता रोमन आणि बायझँटाइन एकाच मैदानावर समोरासमोर उभे राहू शकतात. तेथे कुठलेही सैन्य कुठल्याही सैन्याशी लढू शकते, म्हणून ही विसंगती फारशी टोचत नाही. बुद्धिबळात घोडा उंटाला मारतो तसेच ते.

'टोटल वॉर' मालिकेत गंमत वेगळी आहे. २००६ च्या 'मिडीव्हल २' मध्ये 'बायझँटाइन एम्पायर' आहे, तर ३९५ पासून सुरू होणाऱ्या २०१५ च्या 'अटिला' मध्ये 'ईस्टर्न रोमन एम्पायर'. एकाच राज्याची दोन नावे, मधल्या काळात काहीतरी घडून नाव बदलले असावे अशा थाटात. तसा कुठलाही प्रसंग इतिहासात नाही. तरीही या मालिकेला मी फार दोष देणार नाही, कारण दोन्ही गेम स्वतंत्र आहेत.

खरी अडचण 'क्रुसेडर किंग्ज' मध्ये आहे, आणि तेथे जरा थांबले पाहिजे. त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या, दोन्ही भागांत तुम्ही कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट असाल तर तुमच्यापुढे एक मोठे स्वप्न ठेवलेले असते: ठरावीक प्रदेश जिंका आणि 'रोमन साम्राज्याची पुनर्स्थापना' करा. ते साधले की राज्याचे नाव बदलते. याचा अर्थ काय झाला? जो माणूस सकाळी उठल्यापासून स्वतःला रोमनांचा सम्राट समजतो, त्याला गेम सांगतो की तू अजून रोमन नाहीस, इटली घेऊन ये, मग पाहू. निकेफोरस फोकासने हा नियम केला असता का? पोपच्या पत्रातला पक्ष येथे गेमच्या घटनेत जाऊन बसला आहे, आणि खेळणारा तो बक्षीस म्हणून स्वीकारतो.

रचनाकारांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गमावलेली पश्चिम परत मिळवण्याची आकांक्षा खोटी नव्हती. जस्टिनियनच्या सेनापतीने, बेलिसारियसने, ५३६ मध्ये रोम घेतले होते, आणि ती आठवण पुढे टिकली. तेव्हा मोहीम हवीच. तिचे बक्षीस म्हणून प्रदेश द्या, प्रतिष्ठा द्या, पोपला नमवण्याचे समाधान द्या. नाव बक्षीस म्हणून देऊ नका. ते त्यांच्याजवळ आधीपासून होते.

'बायझँटाइन' या विशेषणाला इंग्रजीत कारस्थानी, गुंतागुंतीचे असा जो वास आहे, तोही गेममध्ये झिरपतो. 'क्रुसेडर किंग्ज' मध्ये या दरबाराची खास ओळख म्हणून कैद्याचे डोळे काढण्याची सोय आहे. प्रत्यक्षात अशा शिक्षा तेथे होत, हे नाकारता येत नाही. पण कायदा, करवसुली, नोकरशाही आणि शाळा यांवर शतकानुशतके उभे राहिलेले राज्य खेळणाऱ्याच्या मनात आधी डोळे काढण्यासाठी उरावे, यात नावाला चिकटलेल्या पूर्वग्रहाचा हात आहे असे मला वाटते.

'रोमन' म्हटले की सुटले का?

अँथनी काल्डेलिस यांचे 'रोमनलँड' (२०१९) हे पुस्तक या वादात वारंवार पुढे केले जाते. या लोकांचे रोमनपण म्हणजे नुसती दरबारी पदवी नव्हती, ती सामान्य माणसाची ओळख होती, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. पीटर खारानिस या इतिहासकारांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. १९१२ मध्ये ग्रीक सैन्य त्यांच्या लेम्नोस बेटावर उतरले, तेव्हा 'हेलेनीस' म्हणजे ग्रीक कसे दिसतात हे पाहायला बेटावरची मुले धावली. तुम्हीही हेलेनीसच ना, असे सैनिकांनी विचारल्यावर मुले म्हणाली, नाही, आम्ही रोमन. कॉन्स्टँटिनोपल पडून तेव्हा साडेचारशे वर्षे होऊन गेली होती.

पण नकाशावर नुसते 'रोमन साम्राज्य' लिहिले तर पश्चिमेचे 'पवित्र रोमन साम्राज्य' शेजारी उभेच आहे. शिवाय १४५३ नंतर दुसरा मेहमेद स्वतःला 'कैसर-ए-रूम' म्हणवतो, त्याचे काय? एकच नाव बरोबर, बाकी खोटी, हा हट्ट धरला की गेम त्या काळच्या एका पक्षाचा वकील होतो.

माझी सूचना अशी आहे की नाव पाहणाऱ्यानुसार बदलावे. तुम्ही कॉन्स्टँटिनोपलहून खेळत असाल तर नकाशावर 'रोमानिया' दिसावे. पोप किंवा ऑटो म्हणून खेळत असाल तर 'ग्रीकांचे राज्य'. बगदाद किंवा कोन्याहून पाहिले तर 'रूम'. आणि चुकीच्या नावाने पत्र पाठवले तर दूत तुरुंगात जावेत. हे तंत्र अवघड नाही. 'क्रुसेडर किंग्ज' मध्ये कॉन्स्टँटिनोपल नॉर्स राजाच्या ताब्यात गेले की त्याचे 'मिक्लागार्ड' होतेच. फक्त तेथे नाव ठरते ते कोण मालक आहे यावर, कोण पाहतो आहे यावर नाही. 'बायझँटाइन' हे नाव गेमसोबतच्या माहितीकोशात खुशाल राहू द्या. अभ्यासकाला ते लागते.

आपल्या भाषेतले 'रूम' आणि आपली नावे

मराठी वाचकाला 'बायझँटाइन' हे नाव शाळेच्या पुस्तकातून, इंग्रजीमार्गे भेटते. पण फारसीमार्गे आलेले 'रूम' आपल्याकडे त्याआधीपासून आहे. जुन्या मराठीत 'रूमशाम' म्हणजे तुर्कस्तान व सिरियाचा मुलूख. काष्ठौषधीच्या दुकानात आजही 'रूमी मस्तकी' मिळते. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये ओतणारा मुहम्मद बिन हुसेन हाही 'रूमी'च. त्या मुलखाचे रोमनपण तुर्कांनी जिंकल्यावरही नावातून गेले नाही.

हाच प्रश्न आपल्या इतिहासाबाबत कसा उभा राहतो ते पाहा. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर' मध्ये १७०० सालापासून 'मराठा कॉन्फेडरसी' खेळता येते. १७०० मध्ये राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. शिंदे, होळकर, गायकवाड ही घराणी अजून पुढे यायची होती. मग 'कॉन्फेडरसी' म्हणजे संघ कोणाचा? ते इंग्रजांनी पुढच्या काळाला दिलेले नाव मागे नेऊन चिकटवले आहे. कागदपत्रांतला 'स्वराज्य' हा शब्द १७१९ च्या मोगल सनदांमध्येसुद्धा चौथाई व सरदेशमुखीबरोबर येतो. तो गेमच्या नकाशावर नाही.

'एज ऑफ एम्पायर्स २' ने २०२२ मध्ये आपल्या 'इंडियन्स' ना 'हिंदुस्तानीज' केले आणि त्यांच्या बरोबरीने बंगाली, गुर्जर व 'द्रविडियन्स' आणले. विभागणी आधीपेक्षा नक्कीच बरी आहे. मात्र शेवटचे नाव पुन्हा वोल्फच्या वाटेने जाते. 'द्रविडियन' हे भाषाकुलाचे नाव म्हणून रुळले ते रॉबर्ट काल्डवेल यांच्या १८५६ च्या व्याकरणामुळे, आणि ज्या चोळांची जहाजे त्या नावाखाली समुद्रात उतरतात, ते स्वतःला चोळच म्हणत होते.