वनस्पती-विषाणूंचे संचार-प्रथिन : ‘रुंदावलेल्या दारा’च्या मांडणीचे चिकित्सक परीक्षण

वनस्पती-विषाणूशास्त्राच्या अध्यापनात संचार-प्रथिनाचे, म्हणजेच मूव्हमेंट प्रोटीनचे, कार्य बहुधा एका वाक्यात सांगितले जाते : हे प्रथिन पेशीभित्तिकेतील प्लाझ्मोडेस्माटा या सूक्ष्म नलिका रुंद करते व विषाणू शेजारच्या पेशीत जातो. वाक्य सुटसुटीत आहे, उत्तरपत्रिकेलाही सोयीचे आहे. परंतु ज्या प्रयोगांच्या आधारे ते केले जाते, त्यांनी एवढे सिद्ध केलेले नाही.

तंबाखू मोझाइक विषाणूचा एलएस १ हा उत्परिवर्तित प्रकार ३२ अंश सेल्सिअसला पेशीत वाढतो, पण पेशीबाहेर पसरत नाही. १९८७ मध्ये डीओम, ऑलिव्हर व बीची यांनी ३० किलोडाल्टनच्या प्रथिनाचे जनुक तंबाखूच्या झाडांत घातले, तेव्हा हा पंगू विषाणू त्या झाडांत पसरू लागला. प्रसारासाठी हे प्रथिन आवश्यक असल्याचा हा पुरावा भक्कम आहे. वाद पुढच्या पायरीबद्दल आहे. १९८९ मध्ये वुल्फ व सहकाऱ्यांनी दाखविले की, सामान्य पानात सुमारे ८०० डाल्टनपर्यंतचेच रेणू पेशींमधून पलीकडे जातात, तर जनुक घातलेल्या झाडांत ९,४०० डाल्टनचे डेक्स्ट्रानही जाते. ‘दार रुंदावले’ ही प्रतिमा येथूनच रूढ झाली. मात्र या विषाणूच्या सुमारे ६,४०० न्यूक्लिओटाइडांच्या आरएनएचे वजन वीस लाख डाल्टनच्या घरात आहे. मोजलेली रुंदी व जाणारी वस्तू यांचा मेळ बसत नाही. १९९० मध्ये सिटोव्हस्की व सहकाऱ्यांनी हे प्रथिन एकपदरी न्यूक्लिइक आम्लाला चिकटते हे दाखविले, त्यामुळे ही अडचण बरीचशी सुटली. सुताचा गुंडा सुईच्या नेढ्यातून जात नाही, उलगडलेले सूत जाते. प्रथिनाचे हे दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे असूनही पाठ्य आकृत्यांत ते क्वचितच दिसते.

जनुक घातलेल्या झाडात प्रथिन सतत तयार होत असते. नैसर्गिक संसर्गात तसे घडतेच असे नाही. ओपार्का व सहकाऱ्यांना १९९७ मध्ये नलिकांचे हे शिथिलीकरण केवळ संसर्गाच्या पुढे सरकणाऱ्या कडेवर आढळले. मागच्या पेशींत वाट पुन्हा आवळलेली होती.

शिवाय ही वाट विषाणूने पाडलेली नाही. मक्याचे नॉटेड-१ हे स्वतःचे प्रथिन याच नलिकांतून जाते आणि आपला संदेशवाहक आरएनएही बरोबर नेते, हे ल्यूकस व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदविले. विषाणूला घरफोड्या ठरविणारी भाषा त्यामुळे अपुरी पडते. घरच्यांच्या वहिवाटीचा तो लाभ घेतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. (चवळी मोझाइक विषाणूचा मार्ग अर्थातच वेगळा : त्याचे प्रथिन नळी उभारते व तिच्यातून अखंड कण जातात.)

शब्दांचा हा काथ्याकूट निरर्थक नाही, कारण रोगप्रतिकारक वाण घडविण्याची दिशा त्यावर ठरते. १९९३ मध्ये लॅपिडॉट व सहकाऱ्यांनी सदोष संचार-प्रथिन असलेली तंबाखूची झाडे तयार केली. त्या प्रथिनाने नलिकांत अंशतः बदल घडविला, तरीही विषाणूचा प्रसार रोखला गेला. दार थोडे उघडले असता पाहुणा अडला, याचा उलगडा रुंदीच्या भाषेत होत नाही. सदोष प्रथिन विषाणूच्या प्रथिनाची नलिकेतील जागा अडवून बसते, असे मानले तरच त्याचा अर्थ लागतो.